पिशवी काढायची, पण कुठल्या वाटेनं?

*‘डॉक्टरबाई, नमस्कार. मी कागल तालुक्यातली, वय ४५. दोन लेकरं. थोरलीच्या वेळी नॉर्मल, धाकट्याच्या वेळी सिझर. दोन वर्षं झाली, पाळीत अंगावरून फार जातं, गाठी गाठी पडतात. गोळ्या खाल्ल्या की तेवढ्यापुरतं थांबतं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.२ भरलं. सोनोग्राफीत गर्भाच्या पिशवीत ६ सेंटिमीटरची गाठ आणि पिशवी १२ आठवड्यांएवढी असं लिहिलंय. कोल्हापुरात दोन डॉक्टरांना दाखवलं. एक म्हणाले दुर्बिणीनं काढू. दुसरे म्हणाले, सिझर झालंय, पोट उघडूनच काढावी लागेल. मालक म्हणतात पुण्याला जाऊन रोबोटनं करू, दोन म्हशी विकू. सासूबाई म्हणतात पोट उघडल्याशिवाय डॉक्टरला आतलं दिसणार कसं. माझ्या मावशीची पिशवी खालून काढली होती, पण तिचं अंग बाहेर येत होतं. मला पावसाळ्यात दमा उठतो, पंप घ्यावा लागतो. घरात चार म्हशी आहेत, दोन्ही वेळच्या धारा मीच काढते. कुठली पद्धत चांगली ते सांगा. आणि पिशवीबरोबर अंडाशयपण काढतात का? — एक भगिनी’*

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमच्याभोवतीच्या चौघांनी मिळून तुम्हाला तीन वाटा सांगितल्यात: दुर्बीण, पोट, रोबोट. चौथी वाट पत्रात फक्त मावशीच्या निमित्तानं डोकावली, आणि ‘तिचं अंग बाहेर येत होतं’ असं म्हणून तुम्हीच ती बाजूला ठेवलीत. मला तिच्याविषयीच सगळ्यात जास्त लिहायचं आहे. पण त्याआधी थोडं मागं जाऊ या. वाट ठरवायची ती जायचं नक्की झाल्यावर, आणि तुमचं ते नक्की झालंय का हे मला पत्रातून कळत नाही.

पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता का? पत्रात तसं काही दिसत नाही. ४५ च्या पुढं अंगावरून जास्त जात असेल तर ही तपासणी झालीच पाहिजे. बहुतेक वेळा ती ओपीडीतच होते, पाच-दहा मिनिटं लागतात, पाळीत दुखतं तसं थोडं दुखतं. त्या तुकड्यात काही वावगं निघालं तर मी पुढं लिहिलेलं सगळं बाजूला पडतं. मग शस्त्रक्रियाही वेगळी आणि ती करणारे डॉक्टरही वेगळे. त्याच फेरीत गर्भाशयमुखाची पॅप तपासणी आणि रक्ताची थायरॉइड तपासणी करून घ्या.

आणखी एक. आपल्याकडे बायकांची पाळी साधारण ४६-४७ च्या सुमाराला जाते, आणि पाळी गेली की अशा गाठी आकसतात. कुणाकुणाला तोवरचा काळ निभावून न्यायला पिशवीत बसवायची हार्मोनची तांबी पुरते. ती दिसायला कॉपर-टीसारखीच असते, पण तिच्यातून औषध झिरपत राहतं आणि अंगावरचं जाणं इतकं कमी होतं की पिशवी काढायची वेळच येत नाही. मात्र गाठ आतल्या पोकळीत घुसलेली असेल तर ती टिकत नाही, निसटून बाहेर पडते. तुमची गाठ भिंतीत आहे की पोकळीत, हे सोनोग्राफीच्या कागदावर लिहिलेलं असतं. डॉक्टरांना ते वाचून समजावून सांगायला लावा.

हे एवढं सांगायचं कारण असं की आपण उसाच्या मुलखात राहतो. दर हिवाळ्यात बीडकडच्या टोळ्या आपल्या फडांत उतरतात, पालं पडतात. त्यातल्या बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्या जातात ही गोष्ट २०१९ मध्ये गाजली, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. मला तो आकडा आजही स्वस्थ बसू देत नाही. पुढं एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही, गरज नसताना पिशवी काढण्याला आळा घालणाऱ्या केंद्राच्या सूचना सगळ्या राज्यांनी लागू कराव्यात असा आदेश दिला. तुमचं तसं नाही. दोन वर्षांच्या गोळ्या, ८.२ रक्त आणि १२ आठवड्यांची पिशवी म्हटल्यावर काढावी लागेल असंच दिसतंय. तरी तुकड्याचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय तारीख घेऊ नका.

आता वाटेचं बोलू.

‘अंग बाहेर येत असेल, म्हणजे पिशवी खाली सरकली असेल, तरच खालून’ हा समज आपल्याकडे फार पक्का आहे, बायकांच्यातही आणि खरं सांगायचं तर काही डॉक्टरांच्यातही. तो बरोबर नाही. पिशवी जागेवर असतानाही ती खालून काढता येते. आमच्या बोलण्यात त्याला वेगळं नावच आहे, एनडीव्हीएच (नॉन-डिसेंट व्हजायनल हिस्टरेक्टॉमी), आणि आपल्या देशात ती गेली कित्येक वर्षं छोट्या गावांतल्या दवाखान्यांतसुद्धा होत आली आहे. योनीच्या वरच्या टोकाला, गर्भाशयमुखाभोवती चीर घेतात. लघवीची पिशवी अलगद वर सरकवतात. गर्भाशयाला धरून ठेवणारे बंध आणि रक्तवाहिन्या एकेक करून बांधत वर जातात, आणि पिशवी खालूनच बाहेर येते. पोटाला धक्का नाही, पोटावर एकही टाका नाही. बहुतेक वेळा कमरेतली भूल पुरते.

ही वाट जुनी आहे म्हणून मागासलेली आहे असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. कॉक्रेन नावाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१५ मध्ये ४७ चाचण्या आणि त्यांतल्या ५,१०२ बायका एकत्र घेऊन याचा ताळा मांडला. खालून काढलेल्या बायका, पोट उघडून काढलेल्यांपेक्षा साधारण ९ ते १० दिवस आधी रोजच्या कामाला लागल्या. दुर्बीणवाल्याही पोटवाल्यांपेक्षा लवकर उठल्या, पण त्यांच्यात लघवीच्या पिशवीला किंवा नळीला इजा होण्याचं प्रमाण पोटवाल्यांपेक्षा जास्त होतं. आणि खालून विरुद्ध दुर्बीण असं लावून पाहिलं तेव्हा दुर्बिणीचा काही वरचढ फायदा सापडला नाही. निष्कर्ष साधा निघाला: साध्या आजारासाठी पिशवी काढायची असेल आणि खालून जमण्यासारखं असेल, तर खालूनच काढावी. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१७ मध्ये हेच सांगितलं, आणि त्या देशात दुर्बिणीची किंवा यंत्रांची काही वाण नाही.

म्हणून डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिला प्रश्न ‘दुर्बीण की पोट’ असा विचारू नका. ‘माझी खालून का होणार नाही?’ असं विचारा. यावर नेमकं उत्तर मिळालं पाहिजे. ‘सिझर झालंय’ हे अर्धंच उत्तर आहे.

सिझरचं काय होतं ते सांगते. त्या वेळी पिशवीवर जिथं चीर घेतात, तिथं लघवीची पिशवी पुढून टेकलेली असते. जखम भरताना ती तिथं चिकटून बसते. पुढं गर्भाशय काढताना ती सोडवावी लागते, आणि घट्ट चिकटली असेल तर तिला भोक पडण्याचा धोका थोडा वाढतो. हा धोका खरा आहे. पण तो पोट उघडल्यानं संपत नाही आणि दुर्बिणीनंही संपत नाही. चिकटलेली जागा तीच असते, तुम्ही कुठूनही जा. मुंबईचे डॉ. शिरीष शेठ, जे पुढं स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष झाले, त्यांनी यावरच काम केलं. सिझरचा व्रण मधोमध असतो, पण त्याच्या दोन्ही बाजूंना एक मोकळी फट राहते. मधून न घुसता त्या बाजूच्या फटीतून शिरलं की लघवीची पिशवी सुरक्षित सोडवता येते, हे त्यांनी दाखवून दिलं. एका सिझरनंतर खालून पिशवी काढणं जगभर होतं. आणि समजा लघवीच्या पिशवीला भोक पडलंच, तर तिथल्या तिथं लक्षात आलं म्हणजे झालं. लगेच शिवतात, एक-दोन आठवडे लघवीसाठी बाहेरून नळी घालून ठेवतात, बहुतेक वेळा ते नीट भरून येतं. लक्षात न आलेली इजा मात्र फार छळते.

आता ‘१२ आठवडे’. हे वाचून कित्येक बायका घाबरतात, पोटात गर्भ आहे की काय असं वाटतं. त्याचा अर्थ इतकाच की तिसरा महिना संपताना पिशवी जेवढी असते, तेवढी ती आता गाठीमुळं झाली आहे. साधारण पावशेराहून थोडी जास्त, २८० ग्रॅमच्या आसपास. खालून काढायच्या दृष्टीनं सरावातल्या डॉक्टरला हा आकार अवघड नाही. यापेक्षा मोठ्या पिशव्याही खालून निघतात, त्या तिथंच दोन भागांत कापून किंवा गाठ आधी पोखरून काढतात. नाभीपर्यंत आलेली पिशवी असती तर मी हे तुम्हाला लिहिलं नसतं.

तुमचं एक नॉर्मल बाळंतपण झालेलं आहे ही जमेची बाजू, कारण वाट तेवढी सैल असते. दमा आहे ही गोष्टही मी खालूनच्याच पारड्यात टाकते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला पोटात गॅस भरून ते फुगवतात आणि बाईला डोकं खाली, पाय वर असं तिरकं ठेवतात. फुप्फुसांवर खालून दाब येतो, आणि भूलही पूर्ण द्यावी लागते, घशात नळी घालून. दमेकरी बाईला ते झेपत नाही असं नव्हे, रोज होतं. पण कमरेतल्या भुलीवर भागत असेल तर तुमच्या छातीला तेवढा त्रास कमी. कुठल्याही वाटेनं गेलात तरी भूलतज्ज्ञांना पंपाचं नाव सांगा, पंप बरोबर न्या, आणि दमा उठलेला असताना शस्त्रक्रियेला उभ्या राहू नका. जमलं तर आपला पाऊस ओसरू द्या.

मग शेवटचा निवाडा कशावर? हातानं केलेल्या आतल्या तपासणीवर. सोनोग्राफीच्या कागदावर गाठीचा आकार कळतो, पण पिशवी हलते की चिकटून बसलीय, खाली ओढली तर किती उतरते, वाट रुंद आहे की अरुंद, हे कागद सांगत नाही. तुमच्या दोन डॉक्टरांपैकी कुणी आतून तपासलं होतं का? नसेल, तर दोघांचाही सल्ला अजून अपुरा आहे असं मी म्हणेन. लाजू नका. तपासा म्हणावं. कधीकधी अंतिम निर्णय भूल दिल्यावर, अंग सैल पडल्यावर तपासूनच होतो, आणि त्यात काही वावगं नाही.

दुर्बिणीविषयी माझ्या मनात अढी नाही. १९८८ मध्ये अमेरिकेत हॅरी राइख यांनी पहिल्यांदा पूर्ण पिशवी दुर्बिणीच्या साहाय्यानं काढली. त्यानंतर ज्या बायकांना पूर्वी पोट उघडून घ्यावंच लागत होतं, त्यातल्या पुष्कळ जणी त्यातून सुटल्या. दुर्बिणीची खरी कामगिरी तीच: पोट उघडणं टाळणं. पिशवी जागची हलत नसेल, पाळीचं रक्त आत साचून आतडी चिकटलेली असतील, अंडाशयावर गाठ असेल, वाट फारच अरुंद असेल, पोटाची आधी दोन-तीन मोठी ऑपरेशनं झाली असतील, तर दुर्बिणीतून डोळ्यांनी बघत काम करणं शहाणपणाचं आहे. कधी वरचं अर्ध दुर्बिणीनं सोडवतात आणि उरलेलं खालून करतात. तुमच्या बाबतीत यातलं काही निघालं आणि म्हणून ते डॉक्टर दुर्बीण म्हणत असतील, तर मी त्यांच्या बाजूची. फक्त ते कारण त्यांनी तुम्हाला सांगायला हवं.

इजेचं आधी लिहिलं, त्यामागचं कारणही समजून घ्या. मूत्रपिंडाकडून लघवीची नळी खाली येते ती गर्भाशयाच्या मोठ्या रक्तवाहिनीच्या बरोबर खालून जाते, गर्भाशयमुखापासून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरवरून. विद्यार्थ्यांना मी सांगायचे, शिवाजी पूल डोळ्यांपुढं आणा: पूल म्हणजे रक्तवाहिनी, पंचगंगा म्हणजे लघवीची नळी. पुलाला हात घालताना पाण्याचं भान सुटता कामा नये. दुर्बिणीत रक्तवाहिन्या बहुधा वीज वापरून भाजून बंद करतात, आणि ती उष्णता शेजारच्या नळीला लागली तर इजा त्या दिवशी दिसत नाही. आठ-दहा दिवसांनी कमरेच्या एका बाजूला दुखायला लागतं, ताप येतो, नाहीतर न कळत लघवी पाझरायला लागते. असं प्रत्येकीला होत नाही, क्वचितच होतं. पण झालं तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून घरात बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. खालून किंवा पोटातून केलेल्या शस्त्रक्रियेनंतरही हाच नियम.

दुर्बिणीवाल्यांना आणखी एक विचारा: पिशवी बाहेर कशी काढणार? तुमच्या आकाराची पिशवी आतून मोकळी केली की योनीतून अख्खी किंवा थोडी कापून निघायला हवी. पोटाच्या आत यंत्र घालून तिचा भुगा करणार असतील तर नको म्हणा. गाठ साधी समजून कापली आणि ती क्वचित वाईट निघाली, तर ते कण पोटभर पसरतात. अमेरिकेच्या औषध नियामक खात्यानं २०१४ मध्ये याच कारणानं सावधगिरीचा इशारा दिला होता.

पोट उघडण्याविषयी थोडक्यात. ते कधीच करू नये असं नाही. फार मोठ्या पिशव्या, खूप गाठी, आत सगळं एकमेकांत चिकटलेलं, कर्करोगाची शंका, अशा वेळी तेच सुरक्षित. सासूबाईंना सांगा, पोट न उघडताही डॉक्टरला दिसतं आणि हाताला कळतं. पण ‘खालून किंवा दुर्बिणीनं सुरू केलं आणि मधेच पोट उघडावं लागलं’ असं झालं, तर त्याला कुणी अपयश म्हणू नये. त्याची संमती आधीच घेतलेली असते. सही करताना तो कागद वाचून घ्या. गरज पडताच पोट उघडणारा डॉक्टर मला हट्टानं खालूनच खेचत बसणाऱ्या डॉक्टरपेक्षा कधीही चालेल.

आणि रोबोट. मालकांची माया मला कळते. बायकोसाठी दोन म्हशी विकायला निघालेला माणूस चांगला माणूस आहे. पण त्यांना सांगा, रोबोट स्वतः शस्त्रक्रिया करत नाही. डॉक्टर बाजूला बसून त्याचे हात चालवतात. म्हणजे ती दुर्बिणीचीच शस्त्रक्रिया, महागड्या हातांनी केलेली. साध्या गाठीसाठी पिशवी काढायला त्यानं बाईला जास्त फायदा होतो असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही, खर्च मात्र वाढतो. म्हशी गोठ्यातच राहू द्या.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी बोललं जातं ते. पद्धतीइतकाच हात महत्त्वाचा. मी डॉक्टर झाले तेव्हा पहिली पाच-सहा वर्षं अंग बाहेर न आलेल्या प्रत्येक बाईचं पोट उघडत होते, कारण मला तेवढंच नीट येत होतं. मी त्यांना सांगायचे, ‘तुमच्यासाठी हेच योग्य.’ पुढं एका ज्येष्ठ डॉक्टरांच्या हाताखाली उभी राहून खालूनची शस्त्रक्रिया शिकले, तेव्हा लक्षात आलं की त्यातल्या कितीतरी बायकांच्या पोटावरचा तो व्रण टळला असता. त्यांच्यासाठी योग्य काय हे मी माझ्या हाताला काय जमतं त्यावरून ठरवलं होतं. मी खोटं बोलले नव्हते, मला तसंच वाटत होतं. म्हणून तुमचे दोन्ही डॉक्टर प्रामाणिक असूनही दोन वेगळी उत्तरं देत असतील, हे मला अगदी शक्य वाटतं.

तेव्हा मोकळेपणानं विचारा: ‘डॉक्टर, अंग बाहेर न आलेल्या बायकांच्या पिशव्या तुम्ही खालून काढता का? महिन्याला साधारण किती? सिझर झालेल्यांच्या?’ चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. उत्तर ‘मी खालून करत नाही’ असं आलं तर त्या डॉक्टरनं तुमच्यावर ती पहिल्यांदा करून बघावी असा आग्रह धरू नका. जी पद्धत त्यांच्या हातात बसलेली नाही ती तुमच्यासाठी चांगली नाही. अशा वेळी जो खालून करतो अशा तिसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे, तिथल्या स्त्रीरोग विभागाच्या ओपीडीतही दाखवता येईल. रेशनकार्ड बरोबर ठेवा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया, त्याच पद्धतीनं, त्याच रुग्णालयात बसते का हे रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, आधी विचारा. भरती झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

अंडाशयाचं विचारलंत ते फार बरं केलंत, कारण पुष्कळ बायकांना घरी आल्यावर कळतं की तेही काढलं. तुमचं वय ४५. सोनोग्राफीत अंडाशय चांगली असतील आणि घराण्यात अंडाशयाचा किंवा स्तनाचा कर्करोग नसेल, तर ती ठेवायची. ती काढली की एका रात्रीत पाळी गेल्यासारखं होतं: अंगातून वाफा, झोप उडणं, आणि पुढं हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयाच्या दुखण्याचा धोका. ‘आता त्यांचा काय उपयोग, कशाला ठेवायची’ असं कुणी म्हणालं तर ठाम नाही म्हणा, आणि संमतीच्या कागदावर अंडाशय ठेवायची आहेत असं लिहून घ्या. गर्भनलिका मात्र काढता आल्या तर काढाव्यात. अंडाशयाचे कर्करोग म्हणून ओळखले जाणारे बरेचसे तिथूनच सुरू होतात. खालून करताना त्या काढणं कधी जमतं, कधी नाही, आणि तेवढ्याखातर वाट बदलायची गरज नाही. मालकांबरोबरच्या संबंधांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. सहा ते आठ आठवडे थांबायचं, डॉक्टरनं तपासून हो म्हटलं की पूर्वीसारखं. पिशवी काढल्यानं बाईचं बाईपण जात नाही.

८.२ रक्तावर शस्त्रक्रिया करायची घाई नको. लोहाच्या गोळ्या पचत नसतील तर शिरेतून लोह देता येतं, तीन-चार आठवड्यांत बऱ्यापैकी चढतं आणि रक्ताच्या बाटल्या चढवायची वेळ टळते. गोळ्या घेत असाल तर चहाबरोबर घेऊ नका. गाठ थोडी लहान करायची इंजेक्शनंही असतात, महिन्याला एक, दोन-तीन महिने. त्यानं पाळी थांबते, रक्त भरून येतं आणि पिशवी आकसते. जी पिशवी आज ‘थोडी मोठी आहे, खालून जमेल का’ अशा काठावर आहे, ती तीन महिन्यांनी सहज निघू शकते. ती महाग असतात, वाफा येतात, म्हणून सगळ्यांना देत नाहीत. पण डॉक्टर ‘आकारामुळं पोट उघडावं लागेल’ म्हणाले तर इंजेक्शनचं जरूर विचारा.

शेवटी म्हशी. खालून झालं किंवा दुर्बिणीनं झालं तर पोटावर टाका दिसत नाही नाहीतर बारके तीन-चार दिसतात, आणि घरच्यांना वाटतं बाई बरी झाली. आत योनीच्या टोकाला मात्र सगळ्याच पद्धतींत टाके असतात, आणि ते भरून यायला दीड-दोन महिने लागतात. दुर्बिणीनंतर तर ते उसवण्याचं प्रमाण किंचित जास्त असतं. चालणं-फिरणं दुसऱ्या दिवसापासून करा, स्वयंपाकाचं हलकं काम आठ-दहा दिवसांनी. पण वैरणीचा भारा, पाण्याची घागर, भरलेली किटली, शेणाची पाटी यातलं काहीही सहा आठवडे नाही. धारेलाही तोवर उकिडवं बसायचं नाही. पोटावर आणि खालच्या टाक्यांवर दोन्हीकडून जोर येतो.

तुम्हाला ठाऊक आहेच, म्हैस परक्या हाताला पान्हा सोडत नाही. ऑपरेशनच्या दिवशी मालक नाहीतर थोरली पहिल्यांदा कासेला बसली तर म्हशी दूध चोरतील, आणि तिसऱ्या दिवशी तुम्हीच उठून गोठ्यात जाल. मी अशा बायका पाहिल्यात. तारीख पक्की व्हायच्या आधी महिनाभर संध्याकाळची धार त्यांच्या हाती द्या, तुम्ही शेजारी उभ्या राहा. मग सकाळचीही. पंधरा दिवसांत म्हशींना नवा हात कळेल. लोहाची बाटली लावायला जाल त्या दिवसापासूनच सुरू करा.